रुग्णवाहिका येईपर्यंत : जंगलपट्टीतील शेतकऱ्यांस आपत्काळच्या उपचाराचे प्राथमिक ज्ञान

या पानांवर आम्ही बहुधा बियाणे, खत, धानावरील कीड आणि बाजारभाव यांविषयीच लिहितो, आणि वाचकांची अपेक्षाही तीच असते. परंतु ज्या हातांनी शेती करावयाची तेच हात एखाद्या सकाळी बांधावर निश्चेष्ट होऊन पडले, तर सुधारलेले बियाणे घेऊन काय करावयाचे? चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत शेत आणि अरण्य यांच्यामध्ये कित्येक ठिकाणी एका धुऱ्याचेच अंतर आहे. मार्चात मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, आषाढात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी व पुढे मळणी, असे आपले वर्ष जाते. आणि यांतील प्रत्येक कामाबरोबर त्याचा त्याचा धोकाही ठरलेला आहे. म्हणून या अंकी आम्ही निराळाच विषय घेतला आहे.

आपल्या राज्यात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. तिच्या गाड्या दोन प्रकारच्या असतात. एकीत प्राथमिक उपचाराची साधने, तर दुसरीत श्वास चालविण्याच्या यंत्रासह अधिक सामग्री. ही सोय मोठी आहे, याबद्दल वाद नाही. तथापि एटापल्ली किंवा सिरोंच्याकडील एखाद्या पाड्यावर दूरध्वनी लागण्यासच टेकडी चढावी लागते, गाडी पक्क्या सडकेपर्यंतच येते, आणि सडक पुष्कळदा कोस-दीड कोस दूर असते. मनुष्य पडल्यापासून गाडीतील परिचारकाचा हात त्यास लागेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात त्याचा परिचारक कोण? जवळचा शेतकरी, दुसरा कोण! तेव्हा परिचारकाच्या शिक्षणाचा जो पाया, तो आपणांसही ठाऊक असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. तो पाया औषधांचा नसून क्रमाचा आहे. आधी काय पाहावे, मग काय करावे, आणि काय मुळीच करू नये, हे त्यास प्रथम शिकवितात. सुई, सलाईन यांची पाळी पुढे येते.

हे ज्ञान सामान्य माणसास देता येते, ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील कील शहरी एस्मार्क नावाच्या शस्त्रवैद्याने १८८२ साली कारागीर, पोलीस व इतर नागरिक यांच्यासाठी प्रथमोपचाराचे वर्ग काढले. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील थोड्या शिकलेल्या बायकांस नवजात अर्भकाची तपासणी, गुदमरलेल्या अर्भकास श्वास देणे, आणि जंतुदोष झाल्यास सुई टोचणे इतके सारे शिकविले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खेड्यातील बाई जर हे करू शकते, तर सातबाराचा उतारा वाचणाऱ्या सभासदास रक्त थांबविणे जमणार नाही असे कोण म्हणेल?

आता क्रमाकडे वळू. परिचारक घटनास्थळी पोचताच प्रथम रुग्णाकडे धावत नाही. तो जागेकडे पाहतो. हे वाचून कोणास निर्दयपणा वाटेल, परंतु एका प्रेताची दोन प्रेते होतात ती याच ठिकाणी. विहिरीत उतरलेला गडी विषारी वायूने पडला, त्यास काढावयास भाऊ उतरला, भावास काढावयास शेजारी उतरला, अशा वार्ता आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे, आणि ते लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. रानडुकरांपासून धान राखण्यासाठी कित्येक शेतकरी कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडतात. कायद्याने हा गुन्हा आहेच; पण डुकरासाठी लावलेली तार डूकर आणि शेजाऱ्याचा मुलगा यांत भेद करीत नाही. अशा तारेस चिकटलेल्या मनुष्यास हात लावणारा स्वतःही चिकटतो. आधी प्रवाह बंद करावा. तो कोठून बंद होतो हे ठाऊक नसेल, तर दूर उभे राहून वीज कंपनीच्या माणसास बोलवावे. ओल्या बांधीत सुकी काठीही भरवशाची नाही. वाघाने किंवा अस्वलाने मनुष्य पाडला असेल, तर जनावर अद्याप झुडपात आहे असेच धरून चालावे, आणि चार-सहा जणांनी मिळून, आवाज करीत जवळ जावे.

जागा निर्धोक झाली की रुग्णाची शुद्ध पाहावी. खांद्यावर थोपटून मोठ्याने नावाने हाक मारावी. तो बोलला तर त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे व मेंदूस रक्त पोचते आहे, इतक्या गोष्टी एका शब्दात कळल्या. बोलत नसेल तर त्याच क्षणी एकास दूरध्वनी करण्यास पाठवावे आणि दुसऱ्याने त्याच्या छातीकडे दहा सेकंद टक लावून पाहावे. निजलेल्या मोठ्या मनुष्याची छाती मिनिटास सुमारे बारा ते वीस वेळा वर येते. बेशुद्धाची जीभ मागे पडून घसा बंद होतो, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. एक हात कपाळावर ठेवून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी वर उचलली की मार्ग खुला होतो. एवढ्या कृतीस साधन लागत नाही. श्वास चालू असल्यास रुग्णास कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे ओकारी किंवा रक्त घशात न जाता बाहेर पडेल. अस्वल बहुधा तोंडावर व डोक्यावर झडप घालते, म्हणून अस्वलाने फाडलेल्या माणसास उताणा निजवून ठेवणे ही मोठीच चूक होय. तो जखमेने मरण्यापूर्वी आपल्याच रक्ताने गुदमरतो. तो शुद्धीवर असून बसू शकत असेल, तर पुढे वाकवून बसवावा.

श्वास नाही, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर आ करतो तसा मधूनच एखादा आचका येतो, अशी स्थिती असेल तर छातीच्या मध्यभागी, स्तनांच्या मधल्या हाडावर, एका हाताच्या तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपरे न वाकविता दाब देण्यास आरंभ करावा. मिनिटास १०० ते १२० दाब, आणि प्रत्येक दाबाने छाती दोन इंच तरी खाली जावी. ज्यास तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण मिळाले आहे त्याने तीस दाबांमागे दोन श्वास द्यावेत. इतरांनी नुसते दाबत राहावे. पाण्यात बुडालेल्यास, लहान मुलास व साप चावून श्वास थांबलेल्यास मात्र श्वासाची गरज अधिक असते. दाबणारा दोन मिनिटांत थकतो, म्हणून पाळीपाळीने माणसे बदलावीत. हे वाचून येत नाही, करून येते. कोणी डॉक्टर गावी आले तर त्यांजकडून एकदा उशीवर करून घ्यावे.

रक्तस्रावाविषयी आता सांगतो. पूर्ण वाढलेल्या मनुष्याच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील दोन लिटर वेगाने गेले तर जीव राहणे कठीण. मळणीयंत्रात सापडलेला हात, कुऱ्हाडीचा घाव किंवा वाघाने फोडलेली मांडी यांतून इतके रक्त जाण्यास फार वेळ लागत नाही. हळद, चुना, राख, कोळिष्टके यांतील काहीही जखमेत भरू नये. स्वच्छ लुगड्याची किंवा दुपट्ट्याची घडी जखमेवर ठेवून, दोन्ही हातांनी, आपल्या अंगाचा भार देऊन दाबावे, आणि दहा मिनिटेपर्यंत ‘थांबले का’ म्हणून उचलून पाहू नये; पाहिले की धरलेली गुठळी निघते. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे. जखम खोल असल्यास कापड आतपर्यंत ठासून मग दाबावे. हातापायाचे रक्त इतकेही करून थांबत नसेल, तरच जखमेच्या वर चार बोटांवर, सांधा सोडून, दोन-तीन इंच रुंद पट्टी बांधावी व तीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावी. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहावी. ही पट्टी इस्पितळातच सुटली पाहिजे. सुतळी किंवा तार वापरू नये, ती मांस कापते.

वाघ बहुतकरून मानेवर हल्ला करतो, विशेषतः मनुष्य मोहफुले वेचीत किंवा गवत कापीत वाकलेला असताना. अशा रुग्णाची मान इकडेतिकडे होऊ न देता, एकाने डोके दोन्ही हातांत स्थिर धरून, तिघा-चौघांनी अंग एकदम उचलावे.

आता सर्पदंश. वर सांगितलेली पट्टी केवळ वाहत्या रक्तासाठी आहे; साप चावल्यावर ती, किंवा कोणताही दोर, बांधू नये. आमच्या पिढीने शाळेच्या पुस्तकातून नेमके उलट पाठ केले होते, म्हणून हा नियम आम्ही ठळकपणे सांगतो. दोराने विष थांबत नाही; पाय मात्र काळानिळा होऊन कुजतो, आणि दोर सोडताच साठलेले विष एकदम वर जाते. चीर देणे, चोखणे, बर्फ लावणे, कोंबडी लावणे हेही तसेच व्यर्थ. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे मेली असा अभ्यासकांचा हिशेब आहे, म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन हजार. यातील बहुतेक खेड्यांतली, आपल्यासारखी. २०२४ साली केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. पण योजना दिल्लीत ठरते आणि साप आपल्या तणसीत असतो.

मंत्राने उतार पडल्याची उदाहरणे वाचक आम्हांस देतील, आणि ती खोटी नाहीत. चावणाऱ्या सापांपैकी बरेच बिनविषारी असतात. विषारी सापही कित्येकदा चावून विष सोडीत नाही. असा रुग्ण मंत्राने बरा होतो तसाच मंत्रावाचूनही होतो. ज्यास विष भिनले आहे त्याचे मात्र मांत्रिकाच्या अंगणात गेलेले दोन तास परत येत नाहीत. पुजाऱ्यावर श्रद्धा असेल तर त्यास गाडीत बरोबर घ्यावे. तो वाटेत मंत्र म्हणेल, त्यास आमची हरकत नाही.

एक प्रसंग आमच्या स्मरणातून जात नाही. रोवणीचे दिवस होते. घरची मंडळी थकून जमिनीवरच निजली होती. मध्यरात्रीनंतर एक तरुण मुलगा पोट दुखते म्हणून उठला. त्यास ओवा द्या, असे सांगणारे आम्हीच. पहाटे त्याच्या पापण्या वर उचलेनात, तेव्हा झोप झाली नाही असे आम्ही समजलो. उजाडता उजाडता शब्द जड झाले, गिळता येईना, आणि तेव्हा कोणास मण्यारीची आठवण झाली. अंगावर खूण शोधूनही सापडली नाही. वाटेत त्याचा श्वास मंदावला. गाडीतील परिचारकाने तोंडावर मुखवटा धरून, रबरी पिशवी दाबीत दाबीत, इस्पितळाच्या दारापर्यंत त्याचा श्वास चालविला. मुलगा जगला. ओव्यात गेलेले ते तीन तास आमच्या हिशेबी आहेत.

मण्यार रात्री हिंडते, निजलेल्यास चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सुजतही नाही. पावसाळ्यात जमिनीवर निजलेला मनुष्य रात्री पोटदुखी, घसा धरणे किंवा पापण्या जड होणे अशी तक्रार घेऊन उठला, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत मण्यारच समजावी. नागाचे विषही नसा लुळ्या करते, पण दंशाची जागा दुखते व सुजते. घोणशीचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते, आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून डॉक्टर रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात; ते गोठले नाही तर विषाची खूण पटते. हे वीस मिनिटे थांबणे म्हणजे हयगय नव्हे, हे नातलगांनी जाणावे.

उतारा एकच, सर्पविषावरील लस. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते, म्हणून साप मारून आणण्याची गरज नाही; त्या खटाटोपात दुसरा मनुष्य चावून घेतो. घोड्यांस थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून ती करतात. तिच्यासाठी लागणारे विष कोणी पुरविले, हे आपल्या सहकारी सभासदांस कौतुकाचे वाटेल : तामिळनाडूतील इरुला जमातीच्या साप पकडणाऱ्यांनी १९७८ साली स्वतःची सहकारी संस्था काढली, व देशातील लशीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा तिने पुरविला. आरंभीच आठ-दहा कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. क्वचित लशीनेच अंगावर गांधी उठून रक्तदाब पडतो. म्हणून ती डॉक्टरावाचून कोणी देऊ नये. तोपर्यंत आपले काम इतकेच : रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये, अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत, चावलेला अवयव बांबूच्या कामटीस सैल बांधून स्थिर ठेवावा, खावयास-प्यावयास देऊ नये, आणि लस ज्या दवाखान्यात खात्रीने आहे तेथेच न्यावे. ही खात्री चावल्यावर करावयाची नसते. मृग लागण्यापूर्वी एकदा विचारून ठेवावी.

फवारणीच्या विषाविषयी थोडेच लिहितो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-मजूर दगावले. वरोरा, राजुरा, कोरपना येथील कपाशीवाल्यांनी हे विसरू नये. बुबुळाचा मधला ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा होणे, लाळ, घाम, ओकारी व धाप ही या विषाची चिन्हे होत. कपडे उतरवून सारे अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाराने हातांत रबरी मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी घालावी. विष पोटात गेले असता मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. बाटली, तिच्यावरील कागदासह, रुग्णाबरोबर पाठवावी.

उन्हाचेही तसेच. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ अंशांपलीकडे जातो हे आपणांस नवीन नाही. तेंदूपत्ता तोडणारा मनुष्य भ्रमिष्टासारखा बोलू लागला, किंवा पडला, आणि अंग तव्यासारखे तापले असेल, तर तो साधा थकवा नव्हे. येथे मात्र नियम उलट आहे : आधी गार करावे, मग न्यावे. सावलीत निजवून सर्वांगावर पाणी ओतीत राहावे व वारा घालावा. शुद्ध नसेल तर पन्हे, पाणी काहीही तोंडात घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगी नाही.

राहता राहिले बोलावणे व नेणे. १०८ वर बोलताना जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, जवळची ओळखीची खूण, रुग्ण किती, शुद्ध व श्वास आहे की नाही, हे सांगावे आणि पलीकडचा ठेवी म्हणेपर्यंत दूरध्वनी ठेवू नये. जंगलात असल्यास वनखात्याचा कक्ष क्रमांक सांगता आला तर वनरक्षकास जागा लागलीच कळते. एक मनुष्य सडकेवर उभा करावा. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट अडल्याचे प्रसंग अनेक झाले आहेत. अशा भागात गाडी नदीपलीकडे येऊन थांबेल असे धरूनच आधी ठरवून ठेवावे. खाटेस दोन बांबू बांधून चौघांनी रुग्णास सडकेवर आणणे ही आपली जुनी रीत उत्तम आहे; मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्यापेक्षा, शुद्ध हरपलेल्यास, ती पुष्कळ बरी. संस्थेच्या गोदामात एक हलकी खाट, दोन बांबू व दोर याच कामासाठी निराळे ठेवावेत, आणि धान मोजावयास कोणी ती खाट नेऊ नये.

पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भयाने कित्येक जण सडकेवरील जखमीस हात लावीत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलमाने अशा सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्यास आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

शेवटी चिठ्ठी. रुग्णाबरोबर धावपळीत जाणारा नातलग दवाखान्यात पोचेपर्यंत निम्मे विसरतो. म्हणून कोणाही लिहिता येणाऱ्याने कागदाच्या एका तुकड्यावर किती वाजता काय झाले, केव्हा शुद्ध गेली, श्वास मिनिटास किती होते, काय दिले, पट्टी केव्हा बांधली हे लिहावे. पूर्वीचे काही औषध चालू असेल तर तेही. पुजाऱ्याने पाला पाजला असेल तर लाज न धरता तेही लिहावे. चिठ्ठी रुग्णाच्या खिशात घालू नये. कपडे उतरविताना ती हरवते. गाडीतील परिचारकाच्या हाती द्यावी.